ठाणे-नवी मुंबईतील छोट्या व्यवसायाचे डोमेन: डॉट कॉम, डॉट इन की डॉट भारत?

डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, घेताना बहुतेक जण थेट डॉट कॉम की डॉट इन या प्रश्नापाशी येऊन अडतात. वास्तविक त्याआधी पाहायला हवे ते हे की, आपले गिऱ्हाईक तो पत्ता ऐकून टाइप करणार आहे की छापलेला पाहून. ठाण्यात राम मारुती रस्त्यावर फराळाचे दुकान चालवणाऱ्याचा पत्ता तोंडी फिरतो, तर रबाळ्याच्या एमआयडीसीत यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्याचा पत्ता कोटेशनवर, बिलावर आणि ई-मेलच्या तळाशी असतो. या दोघांना एकच सल्ला लागू पडत नाही, म्हणून पुढील तुलना दोघांनाही समोर ठेवून केली आहे.

दुकानाचे नाव समजा ‘श्रीकृपा फराळ’ आहे. देवनागरीत ते एकाच तऱ्हेने लिहिले जाते. रोमन लिपीत मात्र ‘श्री’च्या शेवटी कोणी आय घालतो, कोणी डबल ई, तर कोणी आय ठेवून मधला एच गाळतो, ‘कृपा’मध्ये आरनंतर यू येतो किंवा आय, आणि ‘फराळ’ एफने सुरू करायचा की पीएचने, हे ज्याच्या-त्याच्या सवयीवर अवलंबून असते. म्हणजे एका नावाची निदान बारा रूपे झाली आणि त्यांतले एकच आपले. त्यावर हायफन किंवा आकडा घातला की फोनवर पत्ता सांगताना सांगणारा आणि ऐकणारा दोघेही दमतात. नाव पक्के करण्यापूर्वी ते दोन-तीन ओळखीच्या माणसांना फोनवर फक्त एकदा सांगावे आणि त्यांना ते व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायला लावावे. कोणतीही तांत्रिक चाचणी याहून अधिक काही सांगत नाही.

नावात गाव घालायचे असल्यास ‘ठाणे’ सोयीचे आहे, कारण त्याचे आजचे रोमन स्पेलिंग सर्वांच्या बोटांवर बसलेले आहे. घोडबंदरमध्ये मात्र ‘बंदर’ यूने लिहिणारे आणि एने लिहिणारे असे सरळ दोन पक्ष आहेत आणि कोपरखैरण्याच्या स्पेलिंगवर तर फलकांचेही एकमत नाही. गाव घातल्याने नाव सहज उपलब्ध होते, हा फायदा खरा; पण उद्या डोंबिवलीत शाखा काढली तर तेच नाव अडचणीचे ठरते. ‘बेस्ट फराळ ठाणे’ अशी शब्दांची माळ लावून शोधात वर येण्याची आशाही आता धरू नये, कारण नुसत्या अशा नावाच्या जोरावर वर येणाऱ्या सुमार संकेतस्थळांना गूगलने 2012 मध्येच खाली ढकलले. त्यापेक्षा गूगलवरील दुकानाची नोंद नीट भरणे अधिक उपयोगी.

शेपटीचा, म्हणजे नावाच्या शेवटी डॉट कॉम लावायचे की डॉट इन, हा प्रश्न यानंतर. डॉट कॉम 1985 पासून चालू असल्याने त्यातील छोटी, सुटसुटीत नावे केव्हाच गेली आहेत. रबाळ्याच्या कारखानदाराने तरीही त्यासाठी खटपट करावी, कारण परदेशातील खरेदीदाराची बोटे सवयीने तिकडेच वळतात. फराळवाल्याने मात्र लांबलचक डॉट कॉमपेक्षा आखूड डॉट इन घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया (निक्सी) या संस्थेच्या व्यवस्थापनाखालील डॉट इन 2005 पासून सर्वांना खुले आहे आणि आपल्याकडील गिऱ्हाइकाला ते परके वाटत नाही. डॉट को डॉट इन हे वेगळे डोमेन असून ते दुसऱ्या कोणाकडे असू शकते, म्हणून परवडत असेल तर दोन्ही घ्यावीत. पहिल्या वर्षी जवळजवळ फुकट मिळणाऱ्या नवनव्या शेपट्यांचा मोह टाळावा; त्यांचे नूतनीकरणाचे दर आधी वाचले की मोह आपोआप उतरतो.

देवनागरीतील डॉट भारत 2014 मध्ये आले आणि स्पेलिंगचा वर सांगितलेला सारा घोळ त्याने मिटतो, हे मान्य करायला हवे. परंतु पडद्याआड तो पत्ता रोमन अक्षरांच्या एका अगम्य साखळीत बदलला जातो आणि काही संगणक प्रोग्रामांत तीच साखळी गिऱ्हाइकाच्या नजरेस पडते. शिवाय देवनागरी ई-मेल पत्ता अनेक ऑनलाइन अर्ज अजून स्वीकारत नाहीत. म्हणून ते मुख्य पत्ता म्हणून नव्हे, तर मुख्य पत्त्याकडे वळवलेले जोडनाव म्हणून घ्यावे. दुकानाच्या पाटीवर ते शोभूनही दिसते.

हवे ते डॉट कॉम त्याच धंद्यातील दुसऱ्याकडे असेल, तर त्याच नावाचे डॉट इन घेण्यात शहाणपण नाही. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या खटल्यात सत्यमच्या ‘सिफीनेट’ या डोमेन नावापेक्षा दुसऱ्या बाजूच्या डोमेन नावात एक एफ जास्त होता, एवढाच काय तो फरक. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, असा निर्वाळा दिला. व्यापारचिन्ह नोंदणीच्या संकेतस्थळावर नाव शोधून पाहायला पैसे पडत नाहीत.

नोंदणी करताना मालक म्हणून स्वतःचे किंवा संस्थेचेच नाव, फोन आणि ई-मेल द्यावे, वेबसाइट बनवणाऱ्या भाच्याचे किंवा डिझायनरचे नव्हे. तो ई-मेलही याच डोमेनवरचा नसावा, कारण डोमेनची मुदत संपली की तीच पेटी बंद पडते आणि नूतनीकरणाची सूचना वाचायला कोणी उरत नाही.