जुन्या महू-मानपूर नकाशाची प्रिंट, रोल करूनच मागा

इंदूरला राजवाड्याजवळच्या एका दुकानातून सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या शीटची मोठी प्रिंट काढून घेतली, १ इंचाला १ मैल म्हणजे १:६३,३६० वाली, आणि दोन संध्याकाळी बाबा नि मी ती जमिनीवर पसरून बसलो, चहा पण गार झाला. पाताळपाणीच्या धबधब्याखाली काँटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा, इतक्या चिकटल्यात की घाट बोटालाच लागेल असं वाटतं! कालाकुंडची रेल्वेलाइन, चोरल नदी, चंबळ जिथून निघते ते जानापाव, सगळं आहे. आणि होळकरांची हद्द मानपूरपाशी अशी वळसे घेते कारण तो परगणा इंग्रजांकडे होता, हे बाबांनाही माहीत नव्हतं. फक्त दुकानदारानं घडी घालून दिली, नेमकी मानपूरवरच रेघ पडली, शिवाय निळी शाई फिकी. पाचपैकी चार.