रंग बदलायचाय, पण चिन्हाचा की साडीचा?

गणपती जवळ आले की इंदूरच्या मराठी घरांतून मला दोन तऱ्हेचे फोन येतात. एक मंडळाच्या कार्यकर्त्याचा: ‘आपलं चिन्ह मरून आहे, यंदा केशरी हवंय, कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?’ दुसरा घरून माहेश्वरी साड्या विकणाऱ्या एखाद्या काकूंचा: ‘एकाच फोटोवरून पाच रंग दाखवता येतील का?’ ही दोन कामं नावापुरतीच सारखी आहेत. आधी आपलं काम कोणतं ते ठरवा, सॉफ्टवेअर त्यानंतर.

चिन्हात दोन-तीन सपाट रंग असतात, छटा नसतात. अशा कामाला फोटोशॉप किंवा जिंप ही फोटो सुधारायची सॉफ्टवेअर घेऊच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. इंकस्केप घ्या, ते मोफत आहे. त्यात चित्र ठिपक्यांचं नसून आकारांचं असतं. एका मरून आकारावर क्लिक करायचं, एडिट मेन्यूतून त्याच रंगाचे सगळे आकार निवडायचे आणि नवा रंग द्यायचा. इंकस्केपची एसव्हीजी फाइल तर मुळात साधा मजकूरच असते. नोटपॅडमध्ये उघडलीत तर मरूनचा कोड ८००००० जागोजागी दिसेल. ‘शोधा आणि बदला’ केलं की काम झालं. आपल्याकडच्या छपाईवाल्यांकडे बहुधा कोरल ड्रॉ या आकारांवरच चालणाऱ्या सॉफ्टवेअरची मूळ फाइल पडून असते, ती आधी मागून घ्या. इंकस्केप ती बऱ्याचदा उघडतं.

अडचण येते ती मूळ फाइल हरवून फक्त व्हॉट्सॲपवरची जेपीजी उरते तेव्हा. एका मंडळाचं चिन्ह मी घाईत मॅजिक वाँडने, म्हणजे एका क्लिकवर सारख्या रंगाचे ठिपके उचलणाऱ्या साधनाने निवडलं आणि रंग भरायच्या बादलीने केशरी ओतलं. मोबाइलवर छान दिसलं. दहा फुटी फ्लेक्स लागला तेव्हा प्रत्येक अक्षराभोवती गुलाबी कड दिसली, आणि ती दहा दिवस मंडपाच्या दारात राहिली. कारण असं, की पांढऱ्यावरच्या मरून अक्षराची कड नुसती मरून नसते. तिथे मरून आणि पांढरा मिसळलेले ठिपके असतात, म्हणून ती डोळ्याला गुळगुळीत वाटते. वाँड आतला मरून उचलतं, कडेचे मिश्र ठिपके तसेच राहतात. टॉलरन्स, म्हणजे किती वेगळा रंग चालेल ती मर्यादा, वाढवली तर शेजारचे रंग ओढले जातात. त्यापेक्षा इंकस्केपच्या ट्रेस बिटमॅपने चिन्हाचे आकार नव्याने काढून घ्या. बारीक देवनागरी अक्षरांच्या मात्रा आणि वेलांट्या त्यात गोळा होतात, म्हणून नाव मात्र पुन्हा टाइप करा. आणि पडद्यावरचं झगझगीत केशरी छापल्यावर मंदावतं, कारण पडदा उजेडाने रंग दाखवतो आणि छपाई शाईने. फ्लेक्सवाल्याला वीतभर नमुना आधी छापायला सांगा.

साडीचं गणित अगदी वेगळं आहे. तिथे घडी, चुणी, सावली, जरीची चमक हे सगळं जसंच्या तसं ठेवून फक्त रंग हलवायचा असतो. त्याला ह्यू-सॅच्युरेशन, म्हणजे रंग आणि त्याचा गडदपणा बदलायची सोय, लागते. ३६० अंशांच्या रंगचक्रावर रंग फिरतो आणि छटा जागच्या जागी राहतात. फोटोशॉप, जिंप आणि ब्राउझरमधलं फोटोपी या तिन्हींमध्ये हे आहे आणि तिन्हींत लाल, पिवळा, हिरवा असे रंगांचे गट वेगळे धरता येतात. निळी साडी असेल तर निळा गट फिरवा, सोनेरी काठ हलणार नाही. साडीच नारिंगी असेल तर मात्र जरी तिच्याबरोबर फिरते. तिथे काठावर मास्क, म्हणजे बदल पोहोचू न देणारं झाकण, घालावाच लागतो. गडद निळ्याची हळदी करायला गेलात तर शेवाळी मातकट रंग मिळेल, कारण अंधार तसाच राहिला. त्यासाठी कर्व्ह्ज हे उजेड-अंधार बदलायचं साधन घेऊन उजळवावं लागतं. आणि पांढऱ्या, काळ्या, राखाडी साडीवर ह्यू कितीही फिरवा, काही होत नाही. त्यांच्यात फिरवायला रंगच नाही. त्यांना कलराइझ, म्हणजे वरून एक रंग चढवणं, लागतं; काळ्याला आधी उजळवावंही लागतं. पांढऱ्यावर मल्टिप्लायमध्ये, म्हणजे खालच्या सावल्या दिसत राहतील अशा पद्धतीने, रंगाचा थर टाकला तर मला ते जास्त नैसर्गिक वाटतं.

आता तिघांतलं कोणतं घ्यायचं? रोज पंधरा-वीस फोटो करून त्यावर घर चालत असेल तर फोटोशॉप. मास्क काढायला त्याच्याइतकं चपळ दुसरं नाही. मात्र २०१३ पासून त्याची नवी आवृत्ती कायमची विकत मिळत नाही, भाडं भरत राहावं लागतं. सणासुदीपुरतं काम असेल तर हे भाडं भरू नका, जिंप उतरवून घ्या. पूर्वी जिंपमध्ये बदललेला रंग थेट चित्रात मुरायचा, ही माझी मोठी तक्रार होती. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत बदल थरावर वेगळा राहतो आणि उद्या पुन्हा उघडून सुधारता येतो. म्हणून जुनी आवृत्ती असेल तर आधी नवी घ्या. फोटोपी ब्राउझरमध्येच चालतं, फोटोशॉपची फाइल उघडतं, आणि फोटो आपल्याच मशीनवर राहतो. भाच्याच्या लॅपटॉपवर बसून तासाभरात काम उरकायचं असेल तर ते पुरे.

काकूंना मी एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. बदललेला रंग विणलेल्या साडीशी ताडून पाहिल्याशिवाय फोटो पाठवू नका. ती साडी अजून विणलेलीच नसेल तर फोटोखाली तसं लिहा. घेणारी बाई त्या रंगावर ब्लाउज शिवायला टाकते. आणि धूपछाँव साडीला सॉफ्टवेअर लावूच नका. तिचा उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. ह्यू फिरवला की दोन्ही सारखेच सरकतात आणि कोणत्याही मागावर न विणलेला रंग पडद्यावर येतो. अशी साडी खिडकीजवळ, ऊन थेट पडणार नाही अशा जागी पसरा, घडी थोडी तिरपी धरा आणि तिचा वेगळाच फोटो काढा.