बीएमडब्ल्यू एम२ मॅन्युअल: कोल्हापुरात चौदा महिने, १२,८०० किलोमीटर

पेट्रोल पंपावरचा पोरगा असो नाहीतर लग्नात भेटलेले पाहुणे, सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: "केवढ्याला पडली?" म्हणून आधी तेच सांगून टाकतो.

मे २०२३ मध्ये ही गाडी भारतात ९८ लाख एक्स-शोरूमला आली. मी घेतली २०२४ च्या गुढीपाडव्याला. गाडी मेक्सिकोतल्या कारखान्यातून पूर्ण तयार होऊन येते, त्यामुळे महाराष्ट्रात रोड टॅक्स २० टक्के. नुसत्या पासिंगच्या पैशात एक चांगली सेडान आली असती. विमा धरून आकडा सव्वा कोटीच्या घरात गेला. हीच गाडी अमेरिकेत तेव्हा साधारण ६२ हजार डॉलरला मिळत होती. इथे तेव्हा ४० हजार डॉलरच्या वरच्या आयात गाडीवर १०० टक्के सीमाशुल्क होतं, मग जीएसटी, मग सेस. मी मोजलेल्या पैशातले निम्म्याहून जास्त कराचे आहेत. बाहेरच्या राज्यात पासिंग करून टॅक्स वाचवायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. मला ते करायचं नव्हतं. गाडी कोल्हापुरात फिरणार, तर नंबर एमएच ०९ च हवा होता.

घरात या विषयावर सहा महिने चर्चा चालली. आमची शिरोली एमआयडीसीत फौंड्री आहे, ग्रे आयर्नची कास्टिंग करतो. आबांचं म्हणणं सरळ होतं: "एवढ्या पैशात दुसरी फर्नेस बसली असती. आणि हिच्यात माणसं बसणार किती, ते सांग." काका म्हणाले, "दोन फॉर्च्युनर आल्या असत्या रं, वर पैसे उरले असते." दोघांचंही खरं होतं. फर्नेसचं काम आधी पूर्ण केलं, तिचे हप्ते सुरळीत सुरू झाले आणि मगच गाडीचं बुकिंग केलं. हे मुद्दाम लिहितोय, कारण धंद्याच्या पैशातून शौक करून अडचणीत आलेली माणसं मी जवळून बघितली आहेत.

आता इंजिनाबद्दल. तीन लिटर, सहा सिलिंडर एका रांगेत, दोन टर्बो, प्रत्येक टर्बोकडे तीन सिलिंडर. कंपनी त्याला एस५८ म्हणते. माझ्या गाडीत ४६० हॉर्सपॉवर आणि ५५० न्यूटन मीटर. नोव्हेंबर २०२४ मध्ये ४८० हॉर्सपॉवरची सुधारित आवृत्ती १.०३ कोटीला आली. सहा सिलिंडर एका रांगेत असले की पिस्टनांचे धक्के आपापसातच मिटतात, तोल सांभाळायला वेगळा शाफ्ट लागत नाही. सिग्नलला उभ्या गाडीच्या स्टिअरिंगवर हात ठेवला तर हे लगेच कळतं. पण मला वेड लावलं ते एका वेगळ्याच गोष्टीनं. या इंजिनाच्या सिलिंडर हेडचा कोअर, म्हणजे ओतकामात आतली पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवतात तो वाळूचा आकार, थ्रीडी प्रिंटरवर तयार होतो. कास्टिंगमधल्या माणसाला यातली गंमत लगेच कळेल. कोअर बॉक्समध्ये वाळू भरून कोअर काढायचा म्हणजे तो बॉक्समधून सुटायला हवा, त्यासाठी बाजूंना थोडा उतार (ड्राफ्ट) द्यावा लागतो, आणि पाण्याची वाट कुठून न्यायची याला मर्यादा पडते. छापलेल्या कोअरला बॉक्सच नाही. पाण्याचे मार्ग जिथे उष्णता जास्त तिथून हवे तसे वळवून नेता येतात. हेड हलकं होतं आणि थंडही नीट राहतं.

हे आबांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कोअर छापतात? बाइंडर कुठला वापरतात?" त्या दिवसापासून गाडीचा विरोध थांबला असं नाही, पण सूर बदलला.

पन्हाळ्याचा रस्ता सांगितल्याशिवाय या गाडीचा अनुभव पूर्ण होत नाही. रविवारी पहाटे साडेपाचला राजारामपुरीतून निघतो. गाडी सुरू केल्या केल्या पहिली दोन मिनिटं इंजिन मोठ्यानं गुरगुरतं, म्हणून सायलेन्सरचा आवाज कमी करायचं बटन आधी दाबायचं. शेजारी झोपलेले असतात. शिवाजी पुलावरून केर्लीपर्यंत तिसरा-चौथा गिअर, इंजिनचं तेल तापेपर्यंत अजिबात घाई नाही. वाघबीळहून पन्हाळ्याकडे वळलं की चढ आणि वळणं सुरू होतात. मग सगळं दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये. वळणाआधी ब्रेक, क्लच, तिसऱ्यातून दुसरा. इंजिनचे फेरे गाडी आपणच जुळवून देते, त्यामुळे मागच्या चाकांना हिसका बसत नाही. वळणाच्या मध्यावर ॲक्सिलरेटरवर पाय हळूहळू दाबत गेलं की मागची चाकं गाडी ढकलतायत हे पाठीला कळतं. स्टिअरिंगला ओढ लागत नाही, कारण पुढच्या चाकांना फक्त वळायचं काम. हे सगळं ताशी तीस ते सत्तरच्या दरम्यान घडतं.

माझा मुख्य मुद्दा हाच आहे. लोक या गाडीची किंमत वेगावरून काढतात आणि मग बरोबरच म्हणतात की आपल्या रस्त्यांवर हा वेग वापरायचा कुठे. दुसऱ्या गिअरमध्येच ती शंभरी ओलांडते. शून्य ते शंभर ४.३ सेकंदांत जाते असं कंपनी सांगते. तेवढा जोर मी चौदा महिन्यांत पूर्णपणे लावला असेल चार-पाच वेळा. वेगाचेच पैसे मोजायचे असतील तर ते वाया गेले असं मीही म्हणेन. मी पैसे मोजले ते दुसऱ्या गिअरमधल्या वळणासाठी, आणि ते दर रविवारी वसूल होतात.

माझ्या एका मित्राकडे एम३४०आय आहे. चेन्नईत जोडली जाते म्हणून कर कमी. माझ्यापेक्षा तीसेक लाखांनी स्वस्त पडली. चार दारं, ३७४ हॉर्सपॉवर, चारही चाकांना जोर, शून्य ते शंभर ४.४ सेकंद. एका रविवारी आम्ही गाड्या बदलून गगनबावड्यापर्यंत गेलो. परत आल्यावर तो म्हणाला, "भावा, एका दशांश सेकंदाला तीस लाख?" हिशोबात त्याला उत्तर नाही. पावसात त्याची गाडी जास्त निर्धास्त चालते, आईला मागे नीट बसता येतं, ऑटोमॅटिक असल्याने महाद्वार रोडच्या गर्दीत डावा पाय मोकळा. एकच चांगली गाडी ठेवणाऱ्या माणसाला मी डोळे झाकून तीच घ्यायला सांगेन, आणि आतापर्यंत दोघांना सांगितलंही आहे. माझ्याकडे घरच्यांसाठी वेगळी गाडी आहे. मला गिअर हातानं टाकायचा होता, आणि तीन पेडलची, मागच्या चाकांवर चालणारी, या ताकदीची नवी गाडी शोधायला निघालं की पर्याय बोटावर मोजण्याइतके उरतात. गिअरची चाल थोडी लांब आहे, वजन १,७०० किलो आहे, आणि दोन्ही गोष्टी अजून कमी असत्या तर मला आवडलं असतं.

आता रस्ते. सातारा ते कागल सहापदरीकरणाचं काम चालू असल्यापासून पुण्याला जाणं हे एक वेगळंच काम होऊन बसलंय. मी सर्व्हिस पुण्यात करतो. गेल्या डिसेंबरात सर्व्हिस करून रात्री परत येताना कराडच्या अलीकडे एका डायव्हर्जनवर काँक्रीट संपून खड्डा सुरू होत होता, फलक नव्हता, दिवा नव्हता. पुढचं डावं चाक बसलं. पुढचे टायर २७५/३५ आणि १९ इंची रिम. रबराची भिंत एवढी कमी की धक्का थेट रिमवर. हवा गेली नाही, पण ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. किणी टोलनाक्यापर्यंत पन्नाससाठच्या वेगानं आलो.

दुसऱ्या दिवशी रिम काढून शिवाजी उद्यमनगरात एका ओळखीच्या कारागिराकडे नेली. त्यानं लेथवर चढवून डायल गेज लावला आणि काटा फिरताना आम्ही दोघंही गप्प उभे होतो. रिमची आतली कड जवळजवळ दोन मिलिमीटर बाहेर गेली होती. कारागीर म्हणाला, "सरळ करून देतो मालक, पण क्रॅक बघून घ्या आधी." ॲल्युमिनियमची वाकलेली रिम सरळ दिसली म्हणून सुरक्षित होत नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. रिम आमच्या फौंड्रीत आणली आणि डाय पेनिट्रंट टेस्ट लावली, कास्टिंगला लावतो तशीच: साफ करायची, लाल रंग मारायचा, पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर. पाच मिनिटांत आतल्या कडेजवळ दीड इंचाची बारीक लाल रेघ उमटली. रिम बाद. नवीन मागवली, ती यायला साडेपाच आठवडे लागले, तोवर गाडी जॅकवर. ज्यांच्या गाडीला असे कमी भिंतीचे टायर आहेत त्यांना कळकळीनं सांगतो: रिम वाकली की नुसती ठोकून बसवू नका, डीपी टेस्ट करून घ्या. आपल्या गावात ती कुठल्याही फौंड्रीत होते आणि खर्च नगण्य आहे. त्या रेघेसकट मी महामार्गावर शंभरनं गेलो असतो, हा विचार अजूनही मनातून जात नाही.

गळीत हंगामात, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, रात्री शहराबाहेर ही गाडी मी काढतच नाही. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्ही बाजूंनी लोंबतोय. आणि ट्रॉलीतून पडलेली मोळी रस्त्यात आडवी असली तर खालून घासत नेते. फौंड्रीच्या साध्या गाडीला ऊस तुडवून जाता येतं, हिला नाही. राधानगरी-दाजीपूरच्या रस्त्यावर गव्यांचं भय वेगळं. तिथे दिवसासुद्धा चाळीसच्या वर जाऊ नये.

पावसाळ्यात गाडी चालते, पण सांभाळून. मागचे टायर २८५ रुंदीचे. साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगायला लागतो. ट्रॅक्शन कंट्रोलचे दहा टप्पे दिलेत, मी पावसात ते पूर्ण चालू ठेवतो आणि ॲक्सिलरेटरवर पाय अंड्यावर ठेवल्यासारखा. जुलै २०२४ मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून गेली, तेव्हा गाडी आठ-दहा दिवस जागची हलली नाही. आमच्याकडे पाणी येत नाही, पण २०१९ साली शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेलेला पाहिल्यावर पुराच्या दिवसांत इतक्या खाली बसणारी गाडी बाहेर काढायची हिंमत होत नाही.

खर्च थोडक्यात. शहरात लिटरला साडेपाच-सहा, महामार्गावर शांतपणे चालवली तर दहा-साडेदहा. टाकी ५२ लिटरची, म्हणजे पुण्याला जाऊन परत यायला एकदा मध्ये भरायला लागतेच. मागच्या टायरची जोडी ११ हजार किलोमीटरला बदलली, लाखाच्या जवळ गेली. विमा दुसऱ्या वर्षी थोडा उतरला. सस्पेन्शन कम्फर्टवर ठेवलं तर राजारामपुरीच्या गल्ल्यांतले स्पीडब्रेकर पाठीला सहन होतात. मोठे मात्र तिरपे घेऊनच पार करावे लागतात. बूट ३९० लिटरचा आहे, आम्ही दोघं चार दिवसांचं सामान घेऊन आंबोलीमार्गे गोव्याला आरामात गेलो.

एकदा कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवरही नेली. साडेनऊशे किलोमीटर जाणं, एक दिवस ट्रॅकवर, परत येणं. ट्रॅक जेमतेम दोन किलोमीटरच्या वर आहे. तिथे पहिल्या तासातच कळलं की वर्षभर ज्याला मी गाडीची मर्यादा समजत होतो, ती माझी होती. शिकवणाऱ्यांनी ब्रेक कुठे सोडायचा एवढं एकच दिवसभर शिकवलं. घाटात मी आता पूर्वीपेक्षा हळू जातो, आणि जास्त नीट. ही गाडी घेणाऱ्या प्रत्येकानं पहिल्या वर्षातच ट्रॅकवर एक दिवस काढावा. ॲक्सेसरीजवर घालवतो त्यापेक्षा तो पैसा कितीतरी कारणी लागतो.

कोल्हापूरला गाड्यांचं प्रेम नवीन नाही. दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा लोक सोन्याइतक्याच कौतुकानं तिच्याकडे बघतात. त्यामुळे माझी गाडी कुठेही लावली तरी पोरं भोवती जमतात, आणि मी कुणालाही आत बसू देतो. विकायचा विचार सध्या नाही. पुढच्या पाच वर्षांत किंमत निम्म्यावर येईल हे धरूनच घेतली आहे, आणि त्या हिशोबाला जो तयार नसेल त्यानं बुकिंगची रक्कम भरू नये.

आबा अजून गाडी चालवत नाहीत. "क्लच जड आहे," म्हणतात. पण गेल्या महिन्यात ते पहिल्यांदा पन्हाळ्याला शेजारी बसून आले. वाटेत काही बोलले नाहीत. वर पोचल्यावर बॉनेट उघडायला लावलं, इंजिनाकडे बराच वेळ वाकून पाहिलं आणि विचारलं, "हेड काढतात का रं सर्व्हिसला?" नाही म्हणालो. "मग कधी काढलंच तर मला सांग. आपण दोघं जाऊ पुण्याला."