३.७३ की ४.१०? ट्रेलर ओढणाऱ्या डिझेल पिकअपचा मागचा अ‍ॅक्सल

अमेरिकेत कमिन्स डिझेल इंजिनाचा जुना राम पिकअप घेताना हा पेच हमखास पडतो. ३.७३ आणि ४.१० हे अ‍ॅक्सल रेशो: चाक एकदा फिरायला ड्राइव्हशाफ्ट किती वेळा फिरतो, तो आकडा. फरक मुळात १० टक्क्यांचा. ३२ इंची टायर, ०.६३ चा टॉप गिअर, ताशी ६५ मैल: ३.७३ वर इंजिन सुमारे १६०० आरपीएमवर, ४.१० वर १७६० च्या आसपास.

रिकामी गाडी हायवेवर ३.७३ मध्ये शांत चालते, डिझेलही कमी पिते. चढावर जड ट्रेलर असला की मात्र गिअरबॉक्स सारखा खाली-वर करतो आणि तापतो. ४.१० वर उठाव सोपा, चढावर ट्रेलर उलटा मागे घेतानाही क्लच किंवा (ऑटोमॅटिकमध्ये) टॉर्क कन्व्हर्टरवर ताण कमी.

टायरचं गणित बरेच जण विसरतात. ३५ इंची टायर चढवले की ४.१० चं व्यवहारात ३.७५ होतं!

नंतर रेशो बदलायचा तर फोर-बाय-फोरमध्ये पुढचा-मागचा दोन्ही क्राउन-पिनियन (अ‍ॅक्सलमधली रेशो ठरवणारी गिअरजोडी) बदला. एकच बदललात तर फोर-व्हील लावताच ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटून देणाऱ्या गिअरबॉक्सचं) वाटोळं. बॅकलॅश (गिअरच्या दातांमधली फट) चुकला की डिफरन्शियल रडायला लागतो. पहिले ५०० मैल ट्रेलर नको, मग ऑइल बदला.

महिन्यातून एकदा मध्यम कॅम्पर ओढणाऱ्याला ३.७३ पुरे. रोज जड गूसनेक (पिकअपच्या हौद्यात जोडला जाणारा ट्रेलर), डोंगर किंवा मोठे टायर असतील तर ४.१०.