ग्लॅडिएटरवर भगवा: १/७२ चं किट, डेकल छापून घेणं आणि "माधवराव वाचले असते तर"

गेले अडीच महिने रात्री जेवणं उरकली की तास-दीड तास या एका प्लॅस्टिकच्या मॉडेल विमानावर बसत होतो, परवा ते संपलं, तर सगळं डोक्यात ताजं आहे तोवर लिहून टाकतो. हा रिव्ह्यू किटचा आहे, डेकल (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायची छापील अक्षरं-चिन्हं) छापून देणाऱ्यांचा आहे आणि थोडा रंगांचाही आहे. पण नुसतं किट चांगलं की वाईट एवढंच लिहून भागणार नाही, कारण मी जे विमान बनवलंय ते कधी अस्तित्वातच नव्हतं आणि अशा विमानाला किटकडून जे लागतं ते वेगळं असतं.

मॉडेलवाले याला व्हिफ म्हणतात, म्हणजे "असं झालं असतं तर". विमान खरं, पण त्याचा देश, त्याचे रंग, त्याचा इतिहास आपण रचलेला. बऱ्याच जणांचं होतं असं की एकदा कल्पनेला मोकळं सोडलं की काहीही चालतं असं वाटतं, स्पिटफायरवर वाघ काढा, जेटला तोफा लावा. मला ते पटत नाही. माझं म्हणणं, इतिहासातली एकच कडी बदलायची आणि मग बाकी सगळं त्या एका कडीतून ओघानं यायला पाहिजे, रंगापासून नंबरापर्यंत.

माझी कडी थेऊरची. १८ नोव्हेंबर १७७२, थोरले माधवराव क्षयानं गेले, वय अवघं २७. पानिपतानं मराठी राज्याचं जेवढं नुकसान केलं त्याहून या माणसाच्या अकाली जाण्यानं काही कमी केलं नाही, अशा अर्थाचं ग्रँट डफ लिहून गेलाय आणि तो तर इंग्रजांचा माणूस. पुढच्याच वर्षी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून, मग राघोबादादा इंग्रजांच्या दारात, १७७५ चा सुरतेचा तह, आणि तिथून घसरण सुरू झाली ती १८१८ लाच थांबली. समजा माधवराव त्या दुखण्यातून उठले. राघोबादादांना संधीच मिळाली नाही, इंग्रजांना पुण्याच्या घरात शिरायला फट मिळाली नाही, आणि राज्य अडखळत, बदलत का होईना पण १९३८ पर्यंत टिकलं.

आता १९३८ ला पुण्याच्या सरकारला लढाऊ विमानं पाहिजेत तर कुठली मिळतील? स्पिटफायर नाही, ती इंग्रजांना स्वतःलाच पुरत नव्हती. मिळालं असतं ते ग्लॉस्टर ग्लॅडिएटर. १९३४ ला पहिल्यांदा उडालेलं, दोन मजली पंखांचं, ८४० हॉर्सपॉवरचं ब्रिस्टल मर्क्युरी इंजिन, चार मशीनगन, ताशी चारशे किलोमीटरच्या आसपास वेग. रॉयल एअर फोर्सचं हे शेवटचं बायप्लेन फायटर. आणि मुख्य म्हणजे ते खरोखर जगभर गेलं, चीन, फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, बेल्जियम, ग्रीस, इराक, इजिप्त. या यादीत अजून एक नाव घातलं तर कुणाला खटकणार नाही, माझ्या मते चांगल्या व्हिफची खूणच ही.

मुंबई माझ्या गोष्टीतही इंग्रजांचीच राहिली, कारण ती १७७२ च्या कितीतरी आधीपासून त्यांच्याकडे होती, मी एकच कडी बदललीय ना. म्हणून विमानांची खोकी उतरली वसईला, चिमाजीअप्पांनी १७३९ ला घेतलेल्या वसईला, आणि घाट चढून पुण्याला आली. पर्वतीच्या पलीकडच्या माळावर धावपट्टी. पथकाचं नाव हुजुरात, म्हणजे खुद्द सरकारच्या हाताखालची फौज. आपल्याकडे शब्द तयार आहेत हो, पथक, पागा, शिलेदार, बारगीर, स्क्वाड्रनला नवीन शब्द शोधायची गरजच पडत नाही.

(खऱ्या इतिहासातही एक धागा आहे. दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्सच्या १२४ नंबरच्या स्क्वाड्रनला "बडोदा" हे नाव होतं, गायकवाडांच्या देणगीमुळे, आणि ती स्पिटफायर उडवायची. मराठी संस्थानाचं नाव घेऊन लढाऊ विमानं खरंच उडालीत. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.)

आता किट. १/७२ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तर पट लहान आकारात, ग्लॅडिएटर बऱ्याच कंपन्यांनी काढलंय, मी कुठलं घेतलं ते लिहीत नाही, कारण माझ्या हातात एकच डबा आला आणि एका डब्यावरून कंपनीला नावं ठेवणं बरोबर नाही. ऑनलाइन मागवलं, १४५० रुपये पडले, डबा एका कोपऱ्यात चेपून आला आणि दुकानाला दोन मेल टाकले तरी उत्तर नाही. आतलं सामान वाचलं होतं म्हणून सोडून दिलं.

प्लॅस्टिक करड्या रंगाचं, फार ठिसूळ नाही, निपरनं कापताना पांढरं पडत नाही. पंखांवरचं कापड इतकं छान दाखवलंय की पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा दिव्याखाली तिरकं धरून नुसतं बघत बसलो. फासळ्यांवर कापड ताणलंय आणि मधे किंचित सैल पडलंय, हे नखाला लागत नाही पण डोळ्याला दिसतं, आणि तसंच पाहिजे. कॉकपिटमधल्या नळ्यांचा सांगाडा पण नीट आहे. कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, मात्र जाड, आतलं सगळं धूसर दिसतं, मी ती उघडी ठेवून टाकली. आणि खालचा पंख पिळलेला निघाला, एका टोकाला दीड-दोन मिलिमीटर वर. गरम पाण्यात धरून, हळूच उलटा वाकवून, दोन जाड डिक्शनऱ्यांखाली रात्रभर ठेवला तेव्हा सरळ झाला. नवीन माणूस इथेच किट बाजूला ठेवून देईल, म्हणून आधीच सांगतोय.

बायप्लेनमध्ये खरी परीक्षा वरच्या पंखाची. ग्लॅडिएटरचा वरचा पंख खालच्यापेक्षा थोडा पुढे असतो, आणि सगळे स्ट्रट, म्हणजे दोन पंखांना जोडणारे दांडे, एकाच वेळी आपापल्या भोकात बसले पाहिजेत, एक बसवला की दुसरा निसटतो. मी काडेपेट्यांचा सांगाडा केला, दोन्ही बाजूंना काडेपेट्या रचून वर-खाली पुठ्ठ्याचे तुकडे घालत उंची जुळवली, वरचा पंख त्यावर उलटा ठेवला आणि धड वरून सोडलं. ही युक्ती जमली. किटमधली भोकं थोडी मोठी आहेत त्यामुळे स्ट्रट हलतात, पण त्याचा फायदाही होतो, ग्लू ओला असेपर्यंत सरळ करायला वाव मिळतो. अख्खं मॉडेल तळहातावर मावतं, पंखांची लांबी साडेतेरा सेंटीमीटर, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरचा तिरकेपणा सुद्धा समोरून बघितलं की लगेच कळतो.

दोन पंखांमधे ताणलेल्या तारा किटमध्ये नसतात, त्या आपणच लावायच्या. मी बोहरी आळीतून शिवणकामाचा पारदर्शक नायलॉनचा धागा आणला, रीळ ४० रुपये, जन्मभर पुरेल. साधारण ०.१ मिलिमीटर जाडी, म्हणजे ७२ पटीनं सात मिलिमीटर, नजरेला बरोबर वाटतं. रंगाआधी ०.३ च्या ड्रिलनं भोकं पाडायची, धागा खालून बांधून वरच्या पंखातून आरपार काढायचा, टोकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लटकवायचा म्हणजे ताण बसतो, मग सुपरग्लूचा एक ठिपका टाचणीच्या टोकानं. दुसऱ्या दिवशी ब्लेडनं कापून घ्यायचं. या कामाला चार रात्री गेल्या आणि सगळ्यात जास्त समाधान यातच मिळालं, तारा लागेपर्यंत ते खेळणं असतं, तारा लागल्या की विमान होतं.

रंग तामिया कंपनीचे. अंगाला एक्सएफ-१६ फ्लॅट ॲल्युमिनियम, कारण त्या काळी ग्लॅडिएटर चंदेरीच असायची. काउलिंगच्या (इंजिनावरच्या गोल आवरणाच्या) पुढच्या कड्याला जळक्या तांब्याचा रंग द्या, ते नुसतं कडं नाहीये, इंजिनाचा धूर गोळा करणारी नळीच तिथे आहे, तापून तापून तिचा रंग बदलतो. आणि भगवा. भगवा म्हणजे ऑरेंज नव्हे हे मी इथे कळकळीनं सांगतो. बाटलीतला एक्स-६ ऑरेंज तसाच मारला तर ते ट्रॅफिकच्या कोनसारखं दिसतं. मी दोन भाग एक्स-६, एक भाग एक्सएफ-३ पिवळा आणि काडीच्या टोकावर मावेल एवढा एक्सएफ-७ लाल घातला, पुठ्ठ्यावर सात-आठ ठिपके काढून उन्हात नेऊन बघितले, तेव्हा काव आणि शेंदूर यांच्या मधला तो रंग सापडला. खाली पांढरा बेस पाहिजेच, चंदेरीवर थेट मारला की मळकट होतो. रडर, म्हणजे शेपटीचं उभं सुकाणू, पूर्ण भगवा केला आणि मागच्या कडेला झेंड्यासारखा दुभंग दाखवला. पंखांवर भगवी चकती आणि भोवती जरीपटक्याची आठवण म्हणून बारीक सोनेरी कडा.

जुलैत ग्लॉस कोट (चकचकीत वॉर्निश) मारू नका. मी मारला, बाहेर पाऊस, हवेत दमटपणा, एका रात्रीत डावा पंख पांढुरका पडला. दोन दिवस थांबून, खोली कोरडी करून परत हलका कोट दिला तेव्हा गेला.

आता डेकल, ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसलो. नंबर आणि पथकाचं नाव देवनागरीत टाकणं सोपं होतं, पण १७७२ नंतर राज्य टिकलं असतं तर दफ्तराची लिपी मोडीच राहिली असती ना, विमानावर पण मोडीच येणार. आणि मोडी लिहिताना आधी शिरोरेषा ओढतात, पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग अक्षरं तिला लटकवतात. हे आठवलं आणि मला विमानाचा चेहरा दिसला. शिरोरेषा म्हणजेच पट्टा, काउलिंगच्या मागून निघून शेपटापर्यंत गेलेली एकच काळी रेघ आणि तिच्याखाली लटकलेलं "हुजुरात" आणि नंबर. इंग्रजी विमानांवर स्क्वाड्रनचे रंगीत पट्टे असायचे, आपल्याकडे तो पट्टा लिपीतूनच आला.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत, त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग केलेत. त्यांना प्रिंट दाखवला. चष्मा कपाळावर सरकवून कागद नाकाजवळ नेला आणि म्हणाले, "हु ऱ्हस्व, जु ऱ्हस्व असं काय मोजत बसलायस बाळा, मोडीत ऱ्हस्व-दीर्घ बघत नाहीत, हात न उचलता लिही." मग स्वतःच बोरूच्या पेननं एका झटक्यात लिहून दिलं. मी ते स्कॅन केलं, फॉन्टचा नादच सोडला. नोटो सॅन्स मोडी फॉन्ट फुकट मिळतो आणि नंबराला चांगला आहे, पण नावाला हाताची गंमत वेगळीच.

पहिलं छपाईचं दुकान फसलं. फाईल उघडताना त्यांच्या सॉफ्टवेअरनं फॉन्टमधली अक्षरं सुटी केली, मी सांगितलं तर "असंच असतं सर" म्हणाले, वर इंकजेटवर छापून क्लिअर कोट न देताच हातात दिलं, पाण्यात टाकल्यावर शाई वाटीभर पसरली. साडेतीनशे गेले. दुसऱ्या ठिकाणी मात्र एका दादांनी आधी विचारलं, "खाली रंग कुठला आहे?" बस, तिथेच मला कळलं की यांना काम येतं. साध्या लेझर प्रिंटरला पांढरी शाई नसते, पारदर्शक कागदावर भगवा छापून चंदेरीवर लावला तर नाहीसा होतो. त्यांनी सांगितलं, चकत्या मास्क करून रंगवून घ्या, माझ्याकडून फक्त काळं आणि सोनेरी छापून न्या. एका ए-फोर शीटचे ५०० घेतले, बारीक सोनेरी कडा अगदी स्वच्छ आली. मायक्रो सेट आणि मायक्रो सोल (डेकल मऊ करून नीट बसवणारी द्रावणं) लावल्यावर डेकल कापडाच्या फासळ्यांवर असं बसलं की रंगवल्यासारखं वाटतं. शिरोरेषा मी तीन तुकड्यांत लावली, एकसंध लावायला गेलात तर वाकडी होणार, सांधे स्ट्रटच्या मागे लपवा.

मळवताना हात आवरा. चाकांना आणि पोटाला मुरमाची थोडी करडी-पिवळी धूळ, पुण्याचा माळ आहे, कोकणची लाल माती नाही. बास.

किटला मी पाचपैकी साडेतीन देतो, एक गुण पिळलेल्या पंखाचा गेला आणि अर्धा कॅनोपीचा. पहिलंच बायप्लेन असेल तर हे घेऊ नका, एखादं एका पंखाचं करून मग याकडे या. दुसऱ्या डेकलवाल्यांना पाचपैकी पाच, डोळे झाकून. तामियाबद्दल तक्रार नाही.

काल काकांना नेऊन दाखवलं. त्यांनी विमान उचललं नाही, फक्त स्टूल जवळ ओढलं, वाकले आणि शिरोरेषेवरून हवेतच बोट फिरवत शेपटापर्यंत नेलं, मोठ्यानं वाचलं. मग म्हणाले, "थेऊरला जाऊन आलायस का कधी?" नाही गेलो अजून. या रविवारी दोघं जातोय.

शीटवर दोन विमानांचे नंबर उरलेत. कुणी हाच विषय करत असेल तर सांगा, देऊन टाकीन.