‘भारी मॉडेलचा पंखा फिरतच नाही, साहेब’

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून महागडा एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, घ्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा. तिथली बरीच दुकानं सचोटीनं धंदा करतात, माझी तिथली खरेदी जुनी आहे. पण माझी जी फसवणूक झाली ती पटकन ओळखू येत नाही, कारण ती मालाच्या एका खऱ्या गुणाच्या आड लपते.

परळला घरीच लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो, पोट त्यावरच आहे. नव्या मशीनसाठी 1200 वॉटचा प्लॅटिनम, म्हणजे वीज कमी वाया घालवणाऱ्या दर्जाचा, एसएमपीएस घेतला. लोड (मशीन किती वीज खेचतंय ते), तापमान, पंख्याचा वेग हे सगळं यूएसबीवरून स्क्रीनवर दाखवणारा. खोकं सीलबंद, बिल जीएसटीचं.

अशा एसएमपीएसचा पंखा हलक्या लोडवर बंद असतो. बऱ्याच मॉडेलांत साधारण 40 टक्के लोडच्या आसपास तो सुरू होतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहावा. आवाज नाही, धूळही कमी जाते. सोय खरंच चांगली आहे.

पण माझं मशीन रेंडर, म्हणजे एडिट केलेला व्हिडिओ तयार करायचं जड काम, लावलं की थोड्या वेळानं खटकन बंद पडायचं. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स 4090, म्हणजे एकटंच 450 वॉटपर्यंत जाणारं, त्यात आय-नाइन प्रोसेसर. लोड 700 वॉटच्या घरात. स्क्रीनवर तापमान सारखं चढतंय आणि पंखा मात्र शून्यावर! 92 टक्के कार्यक्षमता धरली तरी एवढ्या लोडला साठेक वॉट उष्णता त्या बंद डब्यातच तयार होते. मे महिन्यातल्या मुंबईत ती बाहेर फेकायला पंखा हवाच. मशीन बंद पडत होतं ते एसएमपीएसमधलं संरक्षण शाबूत होतं म्हणून.

दुकानदार म्हणाला, “झिरो आरपीएम आहे साहेब, भारी मॉडेलचा पंखा फिरतच नाही.” स्क्रीनशॉट दाखवला तर म्हणे सॉफ्टवेअर काहीही दाखवतं. मी भिंतीच्या सॉकेटला वॉटमीटर लावला. सॉफ्टवेअरचा इनपुटचा आकडा आणि मीटरचा आकडा जवळजवळ सारखे निघाले. सॉफ्टवेअर खोटं बोलत नव्हतं.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं उघडून पाहिलं तर मूळ पंखा गायब. जागी दोन वायरींचा स्वस्त पंखा, तोही जाम. वेग कळवणारी वायर दोन वायरींच्या पंख्यात नसतेच, म्हणून स्क्रीनवर कायम शून्य. पुढचं ऐकून तर डोकं सुन्न झालं: स्टिकरवरच्या सिरीयल नंबरचा नग वॉरंटीत कुणाला तरी आधीच बदलून दिलेला होता! बाद झालेला माल नव्या खोक्यात घालून पूर्ण किमतीला माझ्या गळ्यात मारला होता. वॉरंटी अर्थातच नाकारली.

दुकानदारानं मग हात वर केले, “हा नग आमचा नाहीच.” बिलावर फक्त ‘एसएमपीएस 1200 वॉट’, नंबर नाही. नशीब, पहिल्या तक्रारीच्या वेळी त्यानंच व्हॉट्सअ‍ॅपवर स्टिकरचा फोटो मागवून घेतला होता. तो संवाद आज माझ्याकडे आहे.

तेव्हा सिरीयल नंबर बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि तो नंबर काउंटरवरच कंपनीच्या साइटवर किंवा फोनवर तपासा. काही मॉडेलांना मागे पंखा कायम चालू ठेवायचं बटण असतं, ते दाबून पंखा फिरतो का बघा. बटण नसेल तर घरी पहिल्याच दिवशी मशीनवर पूर्ण लोड टाका आणि पंख्याच्या आकड्यावर नजर ठेवा. एसएमपीएस स्वतः मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कॅपॅसिटरमध्ये विजेचा जीवघेणा दाब राहू शकतो.

“धंद्यासाठी घेतलंय, ग्राहक कोर्टात चालणार नाही,” अशीही दटावणी झाली. ती खोटी आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगाराला घेतलेली वस्तू 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसते, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तेव्हापासून दुकानदार ‘रिपेअर करून देतो, नग आणून द्या’ म्हणून फोन करतोय. नग मी देणार नाही, तो आणि सर्व्हिस सेंटरचा लेखी अहवाल आयोगापुढेच जाईल.