मुंबईतून डांबर आणि खडी दोन्हीसाठी कुठली अॅडव्हेंचर बाईक घ्यावी: हिमालयन ४५० वापरून आणि बाकीच्या चालवून

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, कारण बाईक बघताना बहुतेक जण इथेच भरकटतात. मुंबईकराला टू व्हीलरवर एक्सप्रेसवे मिळतच नाही. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर बाईक बंद, अटल सेतूवर बंद, सी लिंकवर बंद, कोस्टल रोडवर बंद, समृद्धीवर पण बंद. म्हणजे आपण शहराबाहेर पडणार ते जुन्या पुणे हायवेने, नाहीतर पनवेल-पेण-नागोठणे करत गोवा हायवेने, नाहीतर भिवंडी-शहापूर-कसारा, नाहीतर कल्याण-मुरबाड-माळशेज. ह्या रस्त्यांवर तासन् तास १२० धरून जायचा प्रश्नच येत नाही, गोवा हायवेचं चौपदरीकरण २०११ पासून चालूच आहे आणि डायव्हर्जन संपलं म्हणेपर्यंत पुढचं येतं. त्यामुळे ब्रोशरवर पीएस (इंजिनची ताकद) किती आणि टॉप स्पीड किती हे बघून बाईक ठरवू नका, आपल्या वापरात त्याचा नंबर बराच खाली लागतो.

मग काय बघायचं? माझं मत एकदम स्पष्ट आहे. तुमच्या राईडमधला सगळ्यात खराब तुकडा, जिथे डांबर संपून मोठी खडी नुसती पसरलेली आहे, रोलर फिरलेला नाही, चढ आहे आणि मागे-पुढे कोणी नाही, तिथे ती बाईक तुम्ही एकट्याने सांभाळू शकता का, पडली तर उचलू शकता का. ह्याचं उत्तर हो असेल तर बाकीच्या डांबरावर कुठलीही आजची अॅडव्हेंचर बाईक मजेत जाते. उत्तर नाही असेल तर ती बाईक सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी राहणार आणि तुम्ही फक्त लोणावळ्याला वडापाव खायला नेणार.

मी मुलुंडला राहतो, उंची पाच फूट सहा इंच, आणि रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० वापरतोय, पावसाळ्यासकट. घेण्याआधी एक्सपल्स २१०, व्ही-स्ट्रॉम एसएक्स आणि केटीएम ३९० अॅडव्हेंचर ह्या तिन्ही मित्रांच्या आणि ग्रुपमधल्या लोकांच्या व्यवस्थित चालवल्या, नुसती शोरूमसमोरची दोन चकरांची टेस्ट राईड नाही.

हिमालयनचं आधी सांगतो. ४५२ सीसीचं लिक्विड कूल्ड इंजिन, ४० पीएस, ४० एनएम टॉर्क म्हणजे ओढ, सहा गिअर, पुढे २१ इंच आणि मागे १७ इंच चाक, दोन्हीकडे २०० एमएम सस्पेन्शन ट्रॅव्हल (चाक वर-खाली व्हायला मिळणारी जागा), ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून बाईकच्या तळापर्यंतचं अंतर) २३० एमएम, टाकी १७ लिटरची. आकडे कोणीही वाचतो, पण रस्त्यावर त्याचा अर्थ काय ते ऐका. घोडबंदर रोडला पावसाळ्यात जे खड्डे पडतात किंवा पेव्हर ब्लॉक अर्धे वर अर्धे खाली बसलेले असतात, त्यावरून २१ इंची चाक सरळ चढून जातं, हँडल हातात झटका देत नाही. १७ इंची चाकवाली बाईक त्याच खड्ड्यात आत जाऊन बाहेर येते. रंबलरवर स्पीड कमी करायची गरज वाटत नाही इतकं सस्पेन्शन मऊ आहे आणि तरी माळशेजच्या वळणांवर बाईक डोलत नाही. मोठं चाक असल्यामुळे आडवी करायला जरा सांगावं लागतं, वळणात झटकन झुकत नाही, पण घाटात रेस लावायची नसेल तर ह्याची सवय लगेच होते.

खडीवर तिची खरी किंमत कळते. लोणावळ्याहून राजमाचीला जाताना जे दगड-मुरूम-पाणी असं एकत्र येतं, किंवा भंडारदऱ्याकडून साम्रद-घाटघरला फिरताना रस्त्याचं काम चाललेले पट्टे लागतात, तिथे सेकंड गिअर टाकायचा, पेगवर (पाय ठेवायच्या दांडीवर) उभं राहायचं, गुडघ्यांनी टाकी धरायची, हात सैल सोडायचे आणि थ्रॉटल एकसारखा ठेवायचा. पुढचं चाक खडीत थोडं इकडे तिकडे होतंच, त्याला होऊ द्यायचं, हँडल आवळून धरलं की पडलातच समजा. हिमालयनचं हँडल उभं राहून चालवायला बरोबर उंचीवर येतं, पाठ वाकत नाही, आणि खालच्या आरपीएमला इंजिन बंद पडत नाही त्यामुळे क्लच सारखा दाबावा लागत नाही. मागचा एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकची सिस्टीम) मोडमधून बंद करता येतो आणि हे फीचर लोकांना छोटं वाटतं पण कच्च्या उतारावर ते फार मोठं आहे. सुट्या खडीवर एबीएस चालू असला की चाक लॉक होऊ नये म्हणून ब्रेक सारखा सोडत राहतो आणि बाईक उतारावर पुढे पुढे जात राहते, मागचं चाक थोडं लॉक झालं की ते खडीत रुततं आणि बाईक थांबते. डांबर लागलं की आठवणीने परत चालू करा, विशेषतः पावसात.

आता तिची खरी अडचण, वजन. पेट्रोल धरून १९६ किलो. चालत असताना जाणवत नाही, वजन खाली आहे. जाणवतं ते दोन ठिकाणी. एक, सोसायटीत दोन गाड्यांच्या मधून मागे ओढताना. दुसरं, कोकणातल्या फेरीबोटीवर. आगरदांडा-दिघी असो, वेसवी-बागमांडला असो की दाभोळ-धोपावे, ओहोटीला रॅम्पचा उतार वाढतो, लोखंडी पत्रा ओला असतो, त्यावर शेवाळ आणि चिखल, पुढे टेम्पो उभा आणि मागे कोणीतरी हॉर्न मारतोय. तिथे एक पाय टेकवून १९६ किलो आणि वर सॅडल बॅगा धरून ठेवायच्या असतील तर पाय नीट पोचलाच पाहिजे. सीटची उंची ८२५ एमएम आहे, वर ८४५ करता येते, आणि लो सीट लावली तर ८०५ होते. माझ्या उंचीला ८२५ वर दोन्ही पायांचे चवडे टेकतात, टाचा नाही, आणि एका बाजूला सरकलो की एक पाय पूर्ण टेकतो. एवढं पुरतं. पाच फूट चारच्या खाली असाल तर लो सीट लावूनच बसून बघा आणि ट्रेकिंगचे किंवा रायडिंगचे बूट घालूनच जा, चपलेवर बसून अंदाज चुकतो.

आणि उचलून बघा. खरंच सांगतो, ओळखीतल्या कोणाची क्रॅश गार्ड लावलेली बाईक असेल तर त्याच्या परवानगीने मऊ जमिनीवर आडवी करून उचलायची प्रॅक्टिस करा. गिअरमध्ये ठेवायची म्हणजे घरंगळत नाही, उजवीकडे पडली असेल तर साईड स्टँड आधीच उघडून ठेवायचा, हँडल पूर्ण वळवायचं, बाईककडे पाठ करून खाली बसायचं, एका हातात हँडलची ग्रिप आणि दुसऱ्या हातात सीटखालचा ग्रॅब रेल, आणि पाठ सरळ ठेवून पायाच्या जोरावर मागे मागे चालत उभं राहायचं. कमरेने उचलायला गेलात तर कंबर जाईल. उतारावर बाईकचं चाक वरच्या बाजूला आणि हँडल खाली असं पडलं असेल तर आधी ती जमिनीवरच फिरवून घ्यायची, मगच उचलायची.

ह्याच कारणासाठी हिरो एक्सपल्स २१० बद्दल मला मनापासून आदर आहे. १७० किलोच्या आसपास वजन, २४.६ पीएस, पुढे २१ आणि मागे १८ चाक, ट्रॅव्हल पुढे २१० आणि मागे २०५ एमएम. खडीवर, चिखलात, ओढ्यात ही बाईक हिमालयनपेक्षा सोपी आहे, ह्यात मला शंका नाही. आमच्या ग्रुपमधली एक ताई, उंची पाच फूट तीन, ती जिथे एक्सपल्स आरामात फिरवून परत आणते तिथे मोठ्या बाईकवाले उतरून दगड बघत उभे असतात. जुन्या एक्सपल्स २०० ४व्ही ला पाच गिअर होते आणि हायवेला इंजिन ओरडायचं, २१० ला सहावा गिअर आल्यामुळे ८०-९० ला बरीच शांत वाटते. कमी कुठे पडते तर मागे पिलियन बसवून, सामान लावून कसारा घाट चढताना. ट्रक ओव्हरटेक करायला गिअर टाकून वाट बघावी लागते. एकटे फिरणार असाल, बजेट दोन लाखांच्या आसपास असेल आणि राईडचा निम्मा भाग कच्चा असेल तर डोळे झाकून हीच घ्या, पुढचं वाचायची पण गरज नाही.

सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स वेगळ्या माणसाची बाईक आहे. २४९ सीसी, २६.५ पीएस, १६७ किलो, पुढे १९ इंच अलॉय आणि ट्यूबलेस टायर. इंजिन इतकं स्मूथ की दिवसभर चालवा, हाताला मुंग्या येत नाहीत, आणि ऑफिसला रोज नेण्यासाठी ह्या चौघांत मी हिलाच वर ठेवीन. पण एबीएस बंद करता येत नाही आणि क्लिअरन्स २०५ एमएम, त्यामुळे खराब डांबर, सपाट मुरूम, गावातला कच्चा रस्ता इथपर्यंत झकास, मोठ्या सुट्या खडीच्या उतारावर नाही. नव्वद टक्के डांबर असेल तर जरूर घ्या.

केटीएम ३९० अॅडव्हेंचरचं २०२५ चं मॉडेल चालवायला चौघांत सगळ्यात मजेदार आहे. ४६ पीएस, हिमालयनपेक्षा बारा-तेरा किलो हलकी, सस्पेन्शन अॅडजस्ट होतं, क्रूझ कंट्रोल पण आहे. पण हे इंजिन वरच्या आरपीएमला खुलतं आणि आपल्या ट्रॅफिकमध्ये, सायनपासून वाशीपर्यंत क्लचवर सरकत जाताना, मला हिमालयनची खालची ओढ जास्त कामाची वाटली. जास्त अनुभव असलेला, खडीवर जोरात जाणारा रायडर असेल तर त्याने हीच घ्यावी. एक लक्षात ठेवा, अॅडव्हेंचर एक्स नावाचं व्हेरियंट १९ इंच अलॉयवालं आहे, नाव ऐकून तीच ऑफरोडवाली समजू नका.

पैशाचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदललाय, ३५० सीसीपर्यंत १८ टक्के आणि त्यावर ४० टक्के. त्यामुळे २१० आणि २५० वाल्या आणि ह्या दोन मोठ्या बाईकमधला फरक वाढलाय. वर हेल्मेट, जॅकेट, बूट, क्रॅश गार्ड आणि बॅगा ह्याचे पैसे वेगळे काढून ठेवा, बाईकवर सगळं बजेट संपवून बूट न घेणारे खूप बघितलेत आणि घोटा मोडला की सहा महिने राईड विसरा.

हिमालयन घ्यायची ठरवली तर स्पोकवाल्या ट्यूबलेस रिमचं व्हेरियंट घ्या, थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. ट्यूबवालं असेल तर जव्हारच्या पुढे किंवा मोखाड्याजवळ पंक्चर झालं की चाक काढा, टायर लिव्हरने टायर उतरवा, ट्यूब चिकटवा, आणि गावातल्या पंक्चरवाल्याकडे २१ इंची ट्यूब मिळेलच असं नाही. ट्यूबलेसला खिळा काढून प्लग ठोकला, पंप मारला, निघालात. ट्यूबवालंच घेतलं असेल तर पुढची २१ ची ट्यूब सोबत ठेवा, अडीअडचणीला ती मागच्या चाकात घालून पण घरापर्यंत येता येतं, १७ ची ट्यूब पुढे बसत नाही.

टायर मोठ्या गुट्ट्यांचे लावायची घाई करू नका. दिसतात भारी, पण मुंबईच्या ओल्या डांबरावर आणि फ्लायओव्हरच्या लोखंडी जॉइंटवर ब्रेक मारला की कळतं, आणि डांबरावर झिजतात पण लवकर. कंपनीचेच टायर ठेवा आणि हवेवर लक्ष द्या. डांबरावर मॅन्युअलमध्ये दिली आहे तेवढी, लांब कच्चा पट्टा लागला की मी २२-२४ पीएसआयपर्यंत उतरवतो, टायर पसरतो आणि खडीवर पकड वाढते. ट्यूब असेल तर त्याच्या खाली नको, दगडावर रिम आपटून ट्यूब चिमटते. परत डांबरावर आलात की हवा भरायचा छोटा पंप बॅगेत पाहिजेच.

बॅगांचं पण सांगतो. अॅल्युमिनियमचे पेटारे घेऊ नका. ट्रॅफिकमध्ये रिक्षाला घासतात आणि कच्च्या रस्त्यावर बाईक पडली तर पाय पेटाऱ्याखाली अडकतो. सॉफ्ट सॅडल बॅग घ्या, आत वॉटरप्रूफ लायनर घाला.

बजेट कमी असेल आणि सेकंडहँड चालत असेल तर जुनी हिमालयन ४११ अजूनही चांगला पर्याय आहे. २०१६ ला आलेली, २४.३ बीएचपी आणि ३२ एनएम, सीट ८०० एमएम, त्यामुळे कमी उंचीच्या माणसाला नव्या हिमालयनपेक्षा जास्त भरवसा देते. वजन मात्र १९९ किलो. बघायला जाताना पुढचं चाक उचलून हँडल डावी-उजवीकडे हळू फिरवा, मध्ये कुठे खटका लागला किंवा अडकलं तर कोन सेट (हँडल फिरतं तिथलं बेअरिंग) गेलाय. प्रत्येक स्पोकवर स्क्रू ड्रायव्हरने टिचकी मारा, सगळ्यांचा आवाज सारखा आला पाहिजे. आणि बॅश प्लेटखाली (इंजिनखालच्या संरक्षक पत्र्याखाली) मोबाईलचा टॉर्च मारून इंजिनचा तळ बघा, तिथे दगडाचे खोल घाव असतील तर ती बाईक तिथेच सोडा.